पाकिटावरचा काळा-पांढरा चौकोन कचरा कमी करतो, तो कधी आणि कसा

लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा जालन्याच्या मोंढ्यात काय, क्यूआर कोड दिसला की गिऱ्हाइकाचा हात आधी पैसे भरायच्या ॲपकडे जातो. २०१६ साली यूपीआय आलं आणि हा चौकोन म्हणजे 'पैसे' हे पक्कं बसलं. आता तोच चौकोन डाळ, हळद, लोणचं, बियाणं, औषधं यांच्या पाकिटांवरही दिसतो, आणि 'पर्यावरणपूरक स्मार्ट पॅकेजिंग' म्हणून त्याचा गवगवाही होतो.

तर आधी सरळ सांगतो. नुसता कोड छापल्याने एक ग्रॅमही प्लास्टिक वाचत नाही. वाचतं ते कोडच्या मागे जी व्यवस्था उभी केली असेल तिच्यामुळे. ती नसेल तर पाकिटावर थोडी जास्त शाई लागली, एवढाच फरक. मराठवाड्यातले बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या, डाळमिल आणि पाण्याचे प्लांट यांना ही व्यवस्था थोड्या खर्चात उभी करता येते. कुठे करावी आणि कुठे त्या वाटेलाच जाऊ नये, ते पुढे सांगतो.

कोडात असतं काय

जुना उभ्या रेघांचा बारकोड फक्त एक क्रमांक सांगतो: हा अमुक कंपनीचा अमुक माल. भारतात नोंदलेल्या मालाचा हा क्रमांक ८९० ने सुरू होतो. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला, गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. त्यात आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी माहिती बसते, म्हणून पूर्ण वेबपत्ता मावतो. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा दाखवतात. बाकीच्या बारीक घरांत अक्षरं, आणि थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावं म्हणून जादा माहिती असते.

बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ या जागतिक संस्थेने वेबपत्ता लिहिण्याची एक पद्धत ठरवली आहे. पत्त्यात आधी तुमचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, मग ०१ आणि पुढे मालाचा चौदा अंकी क्रमांक, मग १० आणि पुढे बॅच क्रमांक. हवं असेल तर १७ नंतर मुदतीची तारीख आणि २१ नंतर त्या एकाच नगाचा स्वतंत्र क्रमांक. असा एकच कोड दुकानाच्या बिलिंग मशीनलाही चालतो आणि गिऱ्हाइकाच्या फोनलाही. २०२७ अखेरपर्यंत जगभरच्या दुकानांतल्या मशीनना असे कोड वाचता यावेत, असा या संस्थेचा प्रयत्न आहे. म्हणून आज नवीन पाकिटाची छपाई ठरवत असाल तर ही पद्धत डोळ्यांसमोर ठेवा.

या सगळ्यात कामाची गोष्ट एकच. पाकीट एकदा छापलं की बदलत नाही, त्यामागचं पान मात्र रोज बदलता येतं. पुढचे सगळे फायदे यातून निघतात.

छापलेला रोल भंगारात जाऊ नये म्हणून

एक किलो डाळीचं पाऊच धरा: २० सेंटिमीटर रुंद, ३० उंच, ७५ मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोन्ही बाजू मिळून १२०० चौरस सेंटिमीटर फिल्म होते, वजन साधारण साडेआठ ग्रॅम. रंगीत पाऊच बहुतेक ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात. प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर कोरावं लागतं, त्यामुळे छपाईवाला थोडा माल घेत नाही, क्विंटलांत ऑर्डर मागतो. ३०० किलोची ऑर्डर दिली तर जवळपास ३५ हजार पाऊच येतात. बचत गटाला ते संपवायला दोन वर्षंही लागू शकतात. मध्येच फोन नंबर बदलला, पाककृती बदलली, दुसऱ्या राज्यात विकायला तेलुगू मजकूर हवा झाला, की अर्धा रोल पडून राहतो. म्हणजे एक घासही न भरता दीडशे किलो छापील प्लास्टिक भंगारात.

बदलणारा मजकूर कोडमागच्या पानावर नेला तर हे टळतं. पण काय नेता येतं याला कायद्याची हद्द आहे. घटक पदार्थ, निव्वळ वजन, किंमत, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, ॲलर्जीची सूचना ही पाकिटावरच डोळ्यांना दिसली पाहिजे. 'कोड स्कॅन करा, तिथे आहे' असं म्हणून यातलं काही काढता येत नाही. पानावर जाऊ शकतात त्या पाककृती, इतर भाषा, शेतकऱ्यांची माहिती, साठवणुकीचा सविस्तर सल्ला, तपासणीचे अहवाल, रिकाम्या पाकिटाचं काय करायचं ते. छोट्या उद्योगासाठी आणखी सोपी वाट आहे: पाऊच साधं, एका रंगात छापलेलं घ्या आणि बदलणारं सगळं एका लेबलवर आणा. रोल कधीच जुना होत नाही.

आणि कोडच्या आधी जाडी बघा. हेच पाऊच ७५ ऐवजी ६० मायक्रॉनमध्ये टिकत असेल तर नगामागे १.७ ग्रॅम वाचतात, लाखभर पाऊचमागे १७० किलो. पण भरलेलं पाऊच कमरेच्या उंचीवरून काही वेळा पाडून, जोड उसवत नाही ना ते पाहूनच जाडी उतरवा. पातळ पिशवी फुटून एक किलो डाळ सांडली तर वाचवलेल्या प्लास्टिकचा हिशेब तिथेच उलटतो. डाळ पिकवायला गेलेलं पाणी, खत, डिझेल हे पिशवीपेक्षा कितीतरी भारी असतं.

बॅच क्रमांक: खरी बचत इथे आहे

समजा शेंगदाण्याच्या चटणीच्या एका घाण्याला खवट वास आला. पाकिटांवर बॅच नीट नसेल तर दुकानदार सगळाच माल परत पाठवतो आणि चांगलाही उकिरड्यावर जातो. बॅच असेल आणि पान बॅचनुसार उत्तर देत असेल, तर फक्त त्या घाण्याची पाकिटं परत येतात. पानावर 'ही बॅच खाऊ नका, दुकानात परत द्या' असं त्याच दिवशी लिहिता येतं. ज्याच्या घरात ते पाकीट आधीच पोचलंय, त्यालाही स्कॅन केल्यावर कळतं.

यासाठी प्रत्येक बॅचला वेगळा कोड छापायलाच हवा असं नाही. एक कायमचा कोड पाऊचवर ठेवा, बॅच क्रमांक नेहमीसारखा अंकांत छापा, आणि पानावर बॅच क्रमांक टाइप करायची एक चौकट द्या. खर्च जवळपास शून्य. फक्त बॅच क्रमांक छोटा ठेवा, आणि त्यात शून्य व 'ओ', किंवा एक व 'आय' असे सारखे दिसणारे जोड टाळा. लोक चुकीचं टाइप करतात आणि 'सापडलं नाही' असं आलं की पुन्हा येत नाहीत.

बॅचची वही मात्र प्रामाणिक हवी. कोणत्या दिवशी कोणत्या पोत्यातला माल कोणत्या बॅचमध्ये गेला हे कागदावर नसेल तर पानावर लिहिलेलं सगळं सजावट ठरतं. आमच्या मते दोन महिने नुसती वही नीट चालवावी, मगच कोडला हात घालावा.

घरातलं अन्न वाया जातं ते

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. यातलं काही 'तारीख गेली' म्हणून फेकलं जातं. 'या तारखेपूर्वी उत्तम' आणि 'या तारखेनंतर वापरू नका' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत चव-वास उतरण्याची सूचना असते, दुसरीत खाण्याच्या सुरक्षिततेची. पाकिटावर हा फरक समजावायला जागा नसते, पानावर असते.

धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याचं बघा. भौगोलिक मानांकन मिळालेला हा माल थंड ठेवला तर टिकतो, एसटीच्या टपावर उन्हात गेला तर लवकर बिघडतो. छापील तारखेला यातला फरक कळत नाही. अशा मालाला कोडपेक्षा तापमानाने रंग बदलणारं लेबल जास्त कामाचं. पोलिओ लशीच्या कुपीवर गोलातला चौकोन असतो, तो उष्णतेने गडद होत जातो आणि गोलाइतका गडद झाला की नर्सताई ती कुपी वापरत नाही. तीच युक्ती. शेजारी कोड देऊन 'रंग असा दिसला तर काय करायचं' हे चित्रांसह दाखवलं तर दोन्ही मिळून काम होतं. लेबल मात्र त्या पदार्थाच्या बिघडण्याच्या वेगाशी जुळवून घ्यावं लागतं. दुधाचं लेबल खव्याला चालेल असं धरून चालू नका.

हळदीसारख्या कोरड्या मालात गोष्ट वेगळी. वसमतच्या हळदीचं पाकीट उघडल्यावर ती ओल, उजेड आणि हवेने उतरते. तिथे पानावर दोन ओळी पुरतात: काचेच्या बरणीत, अंधारात, कोरड्या चमच्याने.

रिकामं पाकीट कुठे जातं

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. छत्रपती संभाजीनगरात घंटागाडीवर कचरा वेगळा करणारा माणूस किंवा कचरा वेचणारी बाई एकेक पाकीट फोनने स्कॅन करणार नाही. त्यांचा रोज वजनावर ठरतो आणि हात सेकंदाला एक या वेगाने चालतो. त्यामुळे प्लास्टिकच्या प्रकाराचं त्रिकोणी चिन्ह आणि अंक मोठा, ठसठशीत छापलेलाच हवा. कोड घरातल्या माणसासाठी आहे: पाकीट रिकामं करून, झटकून, सुक्या कचऱ्यात टाका, ओल्यात मिसळू नका.

कोड लावूनही काही पाकिटांचं काही होत नाही. चिप्स-नमकीनच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला घेत नाही आणि ती बहुधा सिमेंटच्या भट्टीत जळणासाठी जातात किंवा नाल्यात. पीईटी (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) आणि पॉलिथिनचे थर चिकटवलेल्या डाळीच्या पाऊचची अडचण तीच, जरा कमी. संपूर्ण पॉलिथिनचं पाऊच मिळतं, ते पुन्हा वितळवता येतं, आणि डाळ, तांदूळ, ज्वारी, साखर यांना पुरतं. मसाल्याला, तेलकट पदार्थाला हवेची आणि वासाची अडवणूक जास्त लागते. तिथे पुरवठादाराकडून नमुना घेऊन आधी महिनाभर भरून ठेवून बघावं. आधी पिशवी बदला, मग तिच्यावर कोड लावा. उलट्या क्रमाने केलं तर पुनर्वापर न होणाऱ्या पिशवीवर पुनर्वापराच्या सूचना छापल्या जातात.

अनामत रक्कम ही मात्र कोडने खरोखर चालवलेली गोष्ट आहे. २०२२ साली केदारनाथला पाण्याच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेऊन, रिकामी बाटली केंद्रावर दिली की ते परत देण्याची योजना सुरू झाली. प्रत्येक बाटलीला स्वतंत्र कोड. यातली मेख 'स्वतंत्र' या शब्दात आहे. सगळ्या बाटल्यांवर एकच कोड असेल तर कोणीही त्याचा फोटो काढून शंभर वेळा पैसे मागू शकतो. नगाला वेगळा क्रमांक हवा, आणि पैसे परत दिले की तो क्रमांक कायमचा बंद झाला पाहिजे. असं काम बंदिस्त जागी चांगलं चालतं, जिथे बाटली घेतली त्याच्याच जवळपास ती रिकामी होते. तुळजापूर, औंढा नागनाथ, परळी, वेरूळ ही आपल्याकडची तशी ठिकाणं. गावोगाव पसरलेल्या किराणा मालाला ही पद्धत लावायला जाऊ नये, कारण परत घेणारी केंद्रंच पुरत नाहीत.

जारचं पाणी

मराठवाड्यात अनामतीची आणि पुनर्वापराची सगळ्यात मोठी चालू व्यवस्था कोणी 'पर्यावरण' म्हणून उभी केलेलीच नाही. ती म्हणजे २० लिटरचा जार. उन्हाळ्यात लग्नमंडपापासून दवाखान्यापर्यंत तोच. जारचं वजन साधारण ७०० ग्रॅम. २० लिटर पाणी एकेक लिटरच्या बाटल्यांतून द्यायचं तर बाटलीमागे २० ग्रॅम धरून ४०० ग्रॅम प्लास्टिक जातं. म्हणजे दुसऱ्या भरण्यालाच जारने स्वतःचं प्लास्टिक वसूल केलं, पुढची प्रत्येक फेरी बचत. ही बचत बुडते ती जार हरवल्यामुळे, तडा गेल्यामुळे, किंवा आत शेवाळ धरल्याने लवकर टाकून दिल्यामुळे.

इथे कोड फार उपयोगी आहे. प्रत्येक जारला क्रमांक द्या. गाडीत चढवताना एकदा स्कॅन, परत आल्यावर एकदा स्कॅन. कोणाकडे किती जार किती दिवस अडकलेत हे कळतं, आणि कोणता जार किती फेऱ्या झालाय तेही. ठरलेल्या फेऱ्यांनंतर किंवा ओरखडे दिसू लागले की तो बाजूला काढा, कारण ओरखड्यात घाण धरते आणि धुण्याने निघत नाही. गिऱ्हाइकाने तोच कोड उघडला तर शेवटची धुलाई आणि भरणी कधी झाली ते दिसू द्या. ही तारीख स्कॅनमधून आपोआप पडली पाहिजे. हाताने लिहायला ठेवली तर आठ दिवसांत ती खोटी होते.

कागदी स्टिकर जारवर टिकत नाही. धुलाईच्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने डिंक सुटतो आणि स्टिकरचा चिकट ओघळ नवीनच घाण करतो. लेझरने जारच्या मानेजवळ कोरलेला कोड किंवा साच्यातच बसवलेलं लेबल चालतं. पारदर्शक निळ्या प्लास्टिकवर नुसत्या कोरलेल्या कोडचा फरक फोनला दिसत नाही, म्हणून त्याच्या मागे पांढरा पट्टा लागतो. फोन साधारण कोडच्या बाजूच्या दहापट अंतरावरून सहज वाचतो, त्यामुळे गाडीत उभ्या जारसाठी ४ सेंटिमीटरचा कोड ठेवा, ४० सेंटिमीटरवरून काम होतं.

कोडचं माप आणि छपाई

पन्नासेक अक्षरांचा वेबपत्ता धरा. मध्यम सुरक्षेच्या 'एम' पातळीवर, म्हणजे सुमारे १५ टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल अशा पातळीवर, तो ३३ × ३३ घरांच्या कोडात बसतो. चारही बाजूंनी चार-चार घरांची कोरी जागा सोडायची, म्हणजे एकूण ४१ घरं. एक घर अर्धा मिलिमीटर ठेवलं तर कोड २०.५ मिलिमीटर. दोन सेंटिमीटरपेक्षा जरा जास्त जागा ठेवा, म्हणजे झालं.

'एच' पातळी घ्यावी, ३० टक्के खराब झालं तरी चालतं, असं बरेच डिझायनर सुचवतात. पण तोच पत्ता मग ४१ घरांचा कोड मागतो, कोऱ्या जागेसह ४९. तेवढ्याच जागेत एक घर ०.४ मिलिमीटरवर येतं आणि स्वस्त फोनला, सुरकुतलेल्या पाऊचवर, वाचायला अवघड जातं. पत्ता छोटा ठेवणं हा यावरचा उत्तम इलाज. मधोमध लोगो घालायचा मोहही टाळा, तो सुरक्षेचा वाटा खातो.

बॅचनुसार बदलणारा कोड लाईनवरच छापायचा असेल तर थर्मल इंकजेटच्या एका काडतुसाची उंची १२.७ मिलिमीटर असते, हे आधीच लक्षात घ्या. २६ अक्षरांपर्यंतचा पत्ता 'एम' पातळीवर २५ घरांत बसतो, अर्ध्या मिलिमीटरने १२.५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम. कोरी जागा पाऊचवर आधीच मोकळी सोडलेली हवी. पॉलिथिनवर पाण्याची शाई बोटाने पुसली जाते, सॉल्व्हंटची शाईच घ्या.

लेबल छापण्याचं साधं मशीन २०३ डीपीआयचं, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. घराचं माप पूर्ण ठिपक्यांत ठेवा: ४ ठिपक्यांचं घर म्हणजे अर्धा मिलिमीटर. साडेतीन ठिपक्यांचं सांगितलं तर मशीन काही घरं जाड, काही बारीक छापतं. आणि रिबन नसलेलं थेट थर्मल लेबल आपल्याकडे लावू नका. परभणी-नांदेडच्या मे महिन्याच्या उन्हात, बंद गाडीत, ते काळवंडतं, तेलाच्या हाताने पुसट होतं. वॅक्स-रेझिन रिबनचं लेबल टिकतं.

बाकी बिघाड ठरलेले आहेत. चकचकीत फिल्मवर ट्यूबचा उजेड परावर्तित होतो, म्हणून कोडच्या भागाला मॅट थर द्या. कोड जोडावर, घडीवर, कोपऱ्यावर आला की वाकडा होतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा कोड काही फोन वाचत नाहीत. पांढऱ्यावर लाल कोड फोनला दिसतो, पण लाल उजेडाच्या स्कॅनरला तो पांढराच वाटतो. क्राफ्ट कागदाच्या तपकिरी पाऊचवर आधी पांढरा चौकोन छापून मग काळा कोड. छपाईच्या आधी नमुना मागवून तो भरलेल्या पाकिटावर तपासा, सपाट कागदावर नाही: दोन-तीन जुने स्वस्त फोन, भर ऊन, अंधारलेलं स्वयंपाकघर, तेलाचा हात फिरवून, आणि पाकीट अर्धं रिकामं झाल्यावर पुन्हा.

कोडच्या शेजारी मराठीत एक ओळ हवीच: 'डाळ कुठली, पाकीट कुठे टाकायचं ते पाहा. पैसे भरण्यासाठी नाही.' ही ओळ नसेल तर लोक कोड वापरत नाहीत, किंवा घाबरतात. फसवणुकीच्या कोडबद्दल सगळ्यांनी ऐकलंय. डोमेनचं नावही कोडखाली छापा, म्हणजे वरून कोणी दुसरं स्टिकर चिकटवलं तर फरक कळतो.

मागचं पान

पान हलकं हवं, दोनशे-तीनशे केबीच्या आत. डोंगराळ भागात, बालाघाटच्या वाडीत नेटवर्क एका काडीवर चालतं आणि मोठा व्हिडिओ उघडेपर्यंत माणूस फोन खिशात घालतो. सगळ्यात वर तीन गोष्टी: ही बॅच ठीक आहे का, कसं साठवायचं, पाकिटाचं काय करायचं. कंपनीचा इतिहास खाली. ॲप उतरवायला लावू नका, मोबाइल नंबर मागू नका. एक मिनिटाचा मराठी आवाज ठेवा. ज्यांना वाचता येत नाही आणि ज्यांना दिसत नाही, दोघांनाही तो उपयोगी. दृष्टिहीनांसाठी अन्नाच्या पाकिटांवर कोड द्यावा, असा सल्ला एफएसएसएआयनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आहे.

फुकट कोड बनवून देणाऱ्या काही वेबसाइट कोडात तुमचा पत्ता न घालता स्वतःचा घालतात आणि चाचणीची मुदत संपली की पैसे मागतात. तोवर ३५ हजार पाऊच छापून झालेले असतात. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, कोडात तेच घाला, आणि पान कुठे न्यायचं ते तिथून ठरवा.

नियम आणि दावे

प्लास्टिक कचरा नियमांच्या २०२५ च्या दुरुस्तीनुसार, १ जुलै २०२५ पासून प्लास्टिक पॅकेजिंगबद्दलची ठरलेली माहिती बारकोड किंवा क्यूआर कोडमधून देण्याची वाट मोकळी झाली आहे. ३०० मोठ्या औषध ब्रँडना ऑगस्ट २०२३ पासून कोड बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये खोट्या हिरव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. 'पर्यावरणपूरक' म्हणायचं तर पुरावा द्या, आणि तो कोड किंवा वेबपत्त्यातून दाखवता येईल, असं त्यात आहे. आम्हाला ही सूचना फार मोलाची वाटते. पाकिटावर हिरवं पान काढणं सोपं आहे, 'हे पाऊच अमुक प्लास्टिकचं, इतक्या मायक्रॉनचं, अमुक ठिकाणी पुनर्वापर होतं' असं लिहून खाली कागद जोडणं अवघड. अवघड तेच करावं.

शेतकऱ्याच्या हातात येणारा सगळ्यात महत्त्वाचा कोड बियाण्याच्या पिशवीवरचा. केंद्राचं 'साथी' पोर्टल एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालं, त्यातून बियाण्याची साखळी मागे शोधता येते. सोयाबीनची उगवण फसली की दुबार पेरणी, म्हणजे बियाणं, खत, डिझेल, मजुरी सगळं दुसऱ्यांदा. पिशवी फोडण्याआधी कोड तपासा, लॉट क्रमांक पावतीवरच्या क्रमांकाशी जुळवा, आणि पेरणीनंतरही पिशवी, लेबल व मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. तक्रारीला तोच पुरावा लागतो.

कापसातही हे येतंय. युरोपने २०२४ च्या कायद्यात वस्तूंच्या 'डिजिटल पासपोर्ट'ची, म्हणजे वस्तू कशाची आणि कुठून आली याच्या डिजिटल नोंदीची, तरतूद केली आणि कापड त्यात आधीच्या रांगेत आहे. आपल्या जिनिंगमधली गाठ शेवटी तिकडच्या शर्टात जाणार असेल, तर गाव, जिनिंग आणि गाठीचा क्रमांक ही नोंद इथूनच सुरू व्हावी लागते. मधली एक कडी तुटली तर पुढच्या कोणालाही ती मागाहून भरता येत नाही.

एनएफसी चिप, म्हणजे फोन टेकवला की उघडणारं लेबल, स्वस्त मालावर लावू नये. त्यात चिप आणि ॲल्युमिनियमची तार असते, ती कागदाच्या लगद्यात कचरा होते. पैठणीच्या पेटीवर, जिथे पेटी वर्षानुवर्षं घरात राहते आणि नकली माल ओळखायचा असतो, तिथे ती शोभते.

डोमेनचं नूतनीकरण मालाच्या सगळ्यात लांब मुदतीपेक्षा किमान दोन वर्षं पुढचं ठेवा, आणि त्याची आठवण एकाच माणसाच्या फोनवर ठेवू नका. गटातल्या अध्यक्ष-सचिव बदलतात, ईमेलचा पासवर्ड हरवतो, आणि सोडून दिलेलं डोमेन दुसरा कोणी विकत घेऊन त्यावर काहीही दाखवू शकतो. उत्पादन बंद केलंत तरी एक साधं पान चालू ठेवा: हा माल आता बनत नाही, शेवटची बॅच अमुक, तिची मुदत अमुक, आणि रिकामं पाकीट सुक्या कचऱ्यात.